संघ : समान आसनांची परंपरा

धर्माच्या नावाने एकत्र आलेल्या माणसांसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. पंथ आहे, संप्रदाय आहे, मठ आहे, आखाडा आहे. वारकऱ्यांचे फड आणि दिंड्या आहेत, जैनांचे गण आणि गच्छ आहेत. यातला प्रत्येक शब्द समुदायाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. ‘पंथ’ म्हणजे वाट. आपण कोणाच्या वाटेने चाललो आहोत, हे तो सांगतो. ‘संप्रदाय’ या शब्दाच्या मुळाशी ‘दा’ म्हणजे देणे हा धातू आहे; गुरूने शिष्याच्या हाती जे सोपवले, त्यावर त्याचा भर आहे. ‘मठ’ राहण्याच्या जागेवरून आला. ‘संघ’ या शब्दात मात्र गुरू नाही, वाट नाही आणि वास्तूही नाही. त्यात आहेत एकत्र आलेली माणसे आणि एकत्र राहण्यासाठी त्यांनी मान्य केलेली रीत.

आज हा शब्द ऐकला की बुद्धाचा भिक्खुसंघ आठवतो. पण हा शब्द बुद्धाने घडवला नाही. त्याच्या काळी तो राज्यकारभारातला चालू शब्द होता. एका विशिष्ट प्रकारच्या राज्याला संघ म्हणत, आणि तिथून तो धर्माच्या प्रांतात आला. येताना तो रिकाम्या हातांनी आला नाही. सभा, ठराव, मतमोजणी, समान आसन असा सारा व्यवहार त्याच्यासोबत आला. संघ म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या प्रवासाच्या सुरुवातीला जावे लागते.

पाणिनीच्या सूत्रांत

‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘हन्’ म्हणजे आघात करणे. दोन गोष्टी एकमेकींवर आपटून घट्ट बसाव्यात, तशी जुळणी या शब्दात आहे. ‘संहत’, ‘संहती’ हे त्याचेच भाऊबंद. पण व्याकरणाच्या नियमाप्रमाणे ‘सम्’ आणि ‘हन्’ यांपासून ‘संघात’ असे रूप व्हायला हवे, आणि तो शब्दही भाषेत आहे. मग ‘संघ’ हे वेगळे रूप कशासाठी? पाणिनीने अष्टाध्यायीत त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले. ‘गण’ या अर्थी ‘संघ’ हे रूप होते, असे ते सूत्र सांगते. म्हणजे नुसता ढीग किंवा घोळका असेल तर ‘संघात’. रचना असलेला माणसांचा समूह असेल तर ‘संघ’.

पाणिनीचे दुसरे एक सूत्र याहून बोलके आहे. ज्या समूहात वरचा आणि खालचा असा भेद नसतो, त्या समूहासाठी ‘निकाय’ हा शब्द त्याने सिद्ध केला, आणि हे सांगताना ‘संघ’ हाच शब्द वापरला. या सूत्रावरची काशिका ही टीका उदाहरण देते ‘भिक्षुकनिकाय’ असे. उलट उदाहरण आहे डुकरांच्या कळपाचे. डुकरे एकमेकांच्या अंगावर चढून, वर-खाली अशी पडलेली असतात, म्हणून त्यांचा ‘निचय’ होतो, ‘निकाय’ होत नाही. ज्यात कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही तो निकाय, ही खूण व्याकरणकारांनी टिपून ठेवली. पुढे बौद्ध भिक्खूंच्या शाखांना ‘निकाय’ हेच नाव मिळाले, आणि कार्ले व नाशिकच्या लेण्यांत ते दगडावर कोरले गेले.

पाणिनी वायव्येकडचा, शलातुरचा. वाहीक देशातल्या, म्हणजे आजच्या पंजाब भागातल्या ‘आयुधजीवी संघां’साठीही त्याने नियम सांगितले आहेत. शस्त्रांवर जगणारे हे संघ होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले अकरावे अधिकरण तर संपूर्णपणे ‘संघवृत्त’ या विषयाला दिलेले आहे. त्यात लिच्छवी, वृजी, मल्ल यांची नावे येतात. एकजूट असलेला संघ जिंकता येत नाही, म्हणून त्याच्यात फूट कशी पाडावी, हे कौटिल्य राजाला तपशीलवार शिकवतो. राजांना संघ या प्रकाराचा किती वचक होता, हे त्यावरून कळते.

वज्जींच्या सभागृहातून

आजच्या बिहारमधले वैशाली हे वज्जी संघाचे मुख्य नगर. लिच्छवी हे त्या संघातले प्रमुख घराणे. तिथे एका राजाचा शब्द अखेरचा नसे. क्षत्रिय कुळांतले प्रमुख सभेत बसून कारभार चालवत. बुद्ध ज्या शाक्य कुळात जन्मला, तिथली व्यवस्थाही याच धर्तीची होती. ही राज्ये आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. सभेत जागा होती ती क्षत्रिय कुळांना; दास, कष्टकरी आणि स्त्रिया बाहेरच होत्या. तरी जे आत होते, त्यांच्यात निर्णय चर्चेने होत असे.

दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीलाच राज्याचा संघ आणि भिक्खूंचा संघ शेजारी शेजारी उभे राहतात. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चढाई करण्याच्या विचारात होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाजवळच्या गृध्रकूट टेकडीवर बुद्धाकडे पाठवले. बुद्धाने मंत्र्याला थेट उत्तर दिले नाही. मागे उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदला त्याने एकेक प्रश्न विचारला. वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि कामे एकोप्याने करतात का? ठरलेले नियम मनाला येईल तसे मोडत नाहीत ना? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना? देवस्थानांचा मान राखतात का? अर्हतांचे रक्षण करतात का? हे चालू आहे तोवर वज्जींची भरभराटच होईल, असा निष्कर्ष निघाला. वस्सकार काय ते समजला. वज्जींना लढाईत हरवता येणार नाही, फंदफितुरीनेच काय ते जमेल, असे म्हणून तो निघून गेला.

मंत्री गेल्यावर बुद्धाने राजगृहाच्या आसपासचे सगळे भिक्खू एकत्र बोलावले आणि त्यांच्यापुढे भिक्खुसंघाच्या भरभराटीच्या सात अटी ठेवल्या. पहिल्या अटी जवळपास त्याच होत्या : वारंवार आणि मोठ्या संख्येने जमा, एकोप्याने जमा, एकोप्याने उठा. एका राज्यसंघाचे सामर्थ्य ज्यात होते, तेच धर्मसंघाच्या हाती सोपवले गेले. संघ या शब्दाने राजकारणातून धर्मात पाऊल टाकले, त्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

पण येताना या शब्दाने एक कुंपण ओलांडले. वज्जींच्या सभेत जन्माने प्रवेश मिळे, भिक्खुसंघात तसे नव्हते. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, देवदत्त अशा शाक्य तरुणांसोबत त्यांचा न्हावी उपाली हाही दीक्षेला आला, तेव्हा या तरुणांनीच विनंती केली, की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी. आधी आलेल्याला नंतर आलेल्याने वंदन करायचे, असा नियम होता. त्यामुळे शाक्य कुळाचा अभिमान असलेल्या त्या तरुणांचे माथे रोज आपल्या न्हाव्यापुढे झुकणार होते. पुढे विनयाचा, म्हणजे संघाच्या कायद्याचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून उपालीचेच नाव झाले.

सभा कशी चाले

संघाचा व्यवहार विनयपिटकात नोंदलेला आहे. धर्मग्रंथ म्हणून तो वाचायला घेतला, तर एखाद्या संस्थेचे कामकाज हाती लागल्यासारखे वाटते. निदान चार भिक्खू असल्याशिवाय संघ होत नाही. तिघे असतील तर तो नुसता गट. काही कामांना चार पुरत नाहीत. नव्या भिक्खूला उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा द्यायची तर मध्यदेशात दहा जण लागत. गंभीर दोषाचे प्रायश्चित्त पूर्ण केलेल्या भिक्खूला पुन्हा सामावून घ्यायचे तर वीस.

उपसंपदेचा विधी जवळून पाहण्यासारखा आहे. उमेदवाराला आधी बाजूला नेऊन काय विचारले जाणार हे समजावून सांगतात, म्हणजे तो सभेपुढे गोंधळू नये. मग संघासमोर प्रश्न होतात. तुला कुष्ठासारखा आजार आहे का? तू स्वतंत्र आहेस ना, कोणाचा दास तर नाहीस? तुझ्यावर कर्ज आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षे पूर्ण झाली का? भिक्षापात्र आणि चीवरे आहेत का? तुझे नाव काय, तुझ्या उपाध्यायाचे नाव काय? त्यानंतर एक जाणता भिक्खू प्रस्ताव मांडतो. त्याला ‘ञत्ती’ म्हणतात. मग तोच ठराव तीनदा जाहीर होतो. ज्याला मान्य आहे त्याने गप्प बसावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. तिसऱ्या वेळीही कोणी बोलले नाही, की ठराव मंजूर. लगेच उन्हातली सावली मोजतात, ऋतू आणि दिवसाचा प्रहर सांगतात. कारण संघातले ज्येष्ठत्व वयावर, जातीवर किंवा विद्वत्तेवर ठरत नाही. उपसंपदा कधी झाली यावर ठरते. एकाच दिवशी दोघे आले, तर सावलीच्या लांबीवरून कोण आधी ते कळते.

वाद मिटत नसेल तर मतदान घेत. त्यासाठी काड्या असत, त्यांना ‘सलाका’ म्हणत. काड्या वाटणारा माणूस संघच निवडे. तो पक्षपाती, रागीट, भित्रा किंवा अजाण नसावा आणि कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला कळावे, अशा पाच अटी होत्या. मत घेण्याच्या पद्धती तीन : गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त मतदानात दोन पक्षांच्या काड्या वेगवेगळ्या रंगांच्या करत आणि घेतलेली काडी कोणाला दाखवू नको असे प्रत्येकाला बजावत. आजारपणामुळे सभेला न येणाऱ्या भिक्खूला आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवता येई. मात्र बहुमत म्हणजेच सत्य, असे संघाने मानले नाही. अधर्माच्या बाजूने जास्त काड्या पडल्या असे दिसले, तर ते मतदान चुकीचे झाले म्हणून रद्द करण्याची मुभा काड्या वाटणाऱ्याला होती. आजच्या लोकशाहीपासून हा भाग दूर आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

दक्षिणापथाची काळी माती

नियम सगळीकडे सारखे लागू झाले नाहीत, आणि त्याची जी कथा विनयपिटकात आहे ती आपल्या दक्षिणेशी जोडलेली आहे. अवंती देशात महाकच्चान नावाचे थोर भिक्खू राहत. त्यांच्याकडे सोण कुटिकण्ण हा तरुण उपसंपदा मागायला आला. पण अवंती आणि दक्षिणापथात भिक्खूच इतके थोडे, की दहा जण गोळा करायला तीन वर्षे लागली. सोण भिक्खू झाला आणि बुद्धाच्या दर्शनाला निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर निरोप पाठवला. इकडची जमीन काळी, कडक आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. इकडच्या लोकांना रोज आंघोळ लागते. इकडे अंथरायला कातडी वापरतात. तेव्हा नियमांत काही सवलत मिळावी.

बुद्धाने सवलत दिली. सीमेवरच्या प्रदेशांत विनय जाणणाऱ्यासह पाच भिक्खू पुरतील, जाड तळाची पादत्राणे चालतील, वारंवार आंघोळ चालेल. ज्याने उन्हाळ्यात काळ्या मातीच्या रानातून अनवाणी पाय टाकला आहे, त्याला या मागणीचे मोल वेगळे सांगायला नको. संघाची चौकट पक्की होती; तरी दूरच्या मुलखातल्या माणसाची अडचण ऐकून तिला मुरड घालता येत होती. म्हणूनच ती मगधाबाहेर पसरू शकली.

चारी दिशांचा संघ

महाराष्ट्रात संघ हा शब्द सर्वांत जास्त भेटतो तो लेण्यांच्या शिलालेखांत. ‘चातुदिस भिखुसंघ’ म्हणजे चारी दिशांचा भिक्खुसंघ. नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथल्या लेखांत दान देणारे व्यापारी, गृहस्थ, राजघराण्यातली माणसे, स्त्रिया असे नाना प्रकारचे लोक आहेत. लेणे, पाण्याचे टाके म्हणजे ‘पोढी’, शेत, गाव असे काहीही द्यायचे असले, की ते अनेकदा या चारी दिशांच्या संघाला दिले जाते. याचा अर्थ, त्या लेण्यात आज जे पाचदहा भिक्खू राहतात, ते त्याचे मालक नाहीत. जे आले आहेत आणि जे अजून यायचे आहेत, त्या सर्वांचे ते आहे. विहार, त्याची जमीन, खाटा आणि बसायची आसने, धातूची भांडी व हत्यारे, लाकूड-बांबूचे सामान या गोष्टी संघालासुद्धा आपसांत वाटून घेता येत नाहीत, असा विनयाचा नियमच होता.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यातला लेख या दृष्टीने वाचावा. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने वर्ष ४२च्या वैशाखात हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले. लेण्याबरोबर त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव दिली. ही रक्कम संघाने स्वतःच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ती ठेवली गेली : एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. २,०००चे व्याज महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. आणि लेखात म्हटले आहे, की या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि रीतीप्रमाणे नोंदला गेला, असेही लेख सांगतो. भिक्खूंचा संघ, विणकरांची श्रेणी आणि नगराची सभा अशा तीन स्वायत्त संस्था एका दानात एकत्र आल्या.

लेण्यांची रचनाही हेच सांगते. विहार म्हणजे मध्ये मोठा चौक आणि तीन बाजूंनी छोट्या खोल्या. राहायला खोली आपापली, जमायला चौक सर्वांचा. कान्हेरीच्या अकराव्या लेण्यात, ज्याला दरबार हॉल म्हणतात, ठेंगण्या दगडी बाकांच्या दोन लांब रांगा आहेत. तिथे उभे राहिले, की एका उंच आसनाभोवतीची जागा नव्हे, समोरासमोर बसणाऱ्यांची जागा डोळ्यांपुढे येते.

फूट आणि भिंती

संघात भांडणे झाली नाहीत, असे कोणी म्हणू नये. कोसंबीत शौचकूपात उरलेले पाणी भांड्यात तसेच ठेवले, एवढ्यावरून दोन गट पडले. बुद्धाने समजावले, तरी ते ऐकेनात, तेव्हा तो त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या रानात निघून गेला. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी भिक्षा देणे बंद केले, तेव्हा कुठे भिक्खू ताळ्यावर आले. देवदत्ताने तर काड्या वाटून, मतदान घेऊनच वैशालीचे नवे भिक्खू फोडले. संघभेद हे सर्वांत घोर पापांपैकी एक मानले गेले. सारनाथ, सांची आणि कोसंबीच्या लेखांत अशोकानेही बजावले, की संघ फोडणाऱ्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे.

समतेची एक भिंत संघाने स्वतः बांधली. महाप्रजापती गोतमी आणि तिच्यासोबतच्या शाक्य स्त्रिया पायी चालत वैशालीला आल्या, आनंदने त्यांची बाजू मांडली आणि भिक्खुनीसंघ उभा राहिला. पण त्यावर आठ कडक अटी आल्या. उपसंपदेला शंभर वर्षे झालेली भिक्खुनी असली, तरी आज भिक्खू झालेल्याला तिने वंदन करावे, ही त्यांतली पहिली. सावली मोजून ज्येष्ठत्व ठरवणारी तीच संस्था इथे तो नियम विसरली. तरीही स्त्रियांचा स्वतंत्र संघ असणे ही त्या काळातली मोठी गोष्ट होती, आणि जुन्नरच्या लेखात धर्मोत्तरीय शाखेच्या भिक्खुनींच्या निवासाचा उल्लेख आढळतो.

जैनांनी हा शब्द जास्त रुंद केला. त्यांचा संघ चतुर्विध : साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. घरसंसार करणारी माणसेही त्यात आली. यात्रेकरूंचा संघ स्वखर्चाने तीर्थाला नेणारा तो ‘संघपती’. संघवी हे आडनाव त्यातूनच आले.

नागपूर आणि दिल्ली

विसाव्या शतकात या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा उजेडात आणण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकायला श्रीलंकेपर्यंत गेले, पाली ग्रंथांत बुडाले आणि ‘बौद्धसंघाचा परिचय’ हे पुस्तक त्यांनी मराठी वाचकांच्या हाती दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात भिक्खुसंघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या साऱ्या संसदीय रिती संघाला ठाऊक होत्या, आणि बुद्धाने त्या आपल्या काळच्या राजकीय सभांमधून घेतल्या असाव्यात, हे त्यांनी तिथे मांडले. भारताने ही लोकशाही एकदा गमावली आहे, ती दुसऱ्यांदा गमवायची का, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बुद्ध आणि धम्म यांच्यामागोमाग संघालाही शरण जाणे आलेच. पण आंबेडकर संघाचे नुसते गुणगान करणारे नव्हते. भिक्खू केवळ स्वतः परिपूर्ण होण्यासाठी आहे, की समाजाची सेवा करण्यासाठी, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारला आहे. जो समाजाच्या उपयोगी पडत नाही, अशा भिक्खूकडून बौद्ध धर्माचा प्रसार होणार नाही, हे त्यांचे मत होते.

आज संघ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. दूध संघ, खरेदी-विक्री संघ, क्रिकेटचा संघ. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे. धर्मातून हा शब्द पुन्हा सार्वजनिक जीवनात आला, आणि ते योग्यच झाले, कारण तो तिथलाच होता. मात्र त्याच्याबरोबर त्याच्या अटीही यायला हव्यात. कोणत्याही संस्थेने संघ हे नाव लावले, की तिला तीन प्रश्न विचारावेत. सभा वारंवार आणि सर्वांच्या हजेरीत भरते का? ज्याला मान्य नाही त्याला बोलता येते का? आणि जे जमवले आहे, ते केवळ आज आत बसलेल्यांचे नसून उद्या दाराशी येणाऱ्यांचेही आहे का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ येतात, तिथे हा शब्द शोभतो. तो धर्माचा समुदाय असो, सहकारी संस्था असो, की देश.